मराठी सर्जन आणि आंतरजाल : प्रकाशनाची सुलभता व जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

1805 साली श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. तेव्हापासून मराठी लेखनाचा इतिहास हा तंत्रज्ञानाच्याही इतिहासाशी जोडला गेला आहे. मुद्रणाच्या पर्वाचा अभ्यास मराठीत विपुल प्रमाणात झाला; त्या तुलनेत आंतरजालावरील मराठीकडे इतिहासाचा विषय म्हणून कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात 1995 नंतरच्या वाटचालीचा संक्षिप्त आढावा घेतला असून, प्रकाशन जसजसे सुलभ झाले तसतसे जतन अवघड होत गेले, हा मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मौखिक परंपरेने समृद्ध असलेल्या सुरगाणा तालुक्याच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे.

लिपीचा अडसर

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी परदेशस्थ मराठी मंडळींच्या पुढाकाराने 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले. संगणकावर देवनागरी उमटविणे ही त्या काळातील मुख्य अडचण होती. भारतीय लिपींसाठीची 'इस्की' ही संकेतप्रणाली 1991 मध्ये राष्ट्रीय मानक ठरली होती. तथापि व्यवहारात वृत्तपत्रे व अक्षरजुळणी करणारे आपापले फाँट वापरीत. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. वाचकाच्या संगणकावर नेमका तोच फाँट नसेल, तर पानावर निरर्थक रोमन अक्षरे दिसत. असा मजकूर शोधयंत्रालाही मराठी म्हणून ओळखता येत नसे. त्यामुळे त्या काळातील बरेच लेखन आज उपलब्ध असूनही सहज वाचता येत नाही.

सामूहिक लेखनाचे पर्व

युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. विंडोज 2000 पासून सामान्य संगणकावर तिचा वापर शक्य झाला आणि चित्र पालटले. 2003 मध्ये मराठी विकिपीडिया, 2004 मध्ये 'मनोगत', तर 2007 मध्ये 'उपक्रम' आणि 'मिसळपाव' ही संकेतस्थळे सुरू झाली. संपादकाच्या निवडीवाचून लेख प्रसिद्ध होऊ लागला आणि त्याखालीच वाचकांची चर्चा रंगू लागली. प्रवासवर्णने, पाककृती, गझल, शुद्धलेखनावरील वाद असे नाना प्रकारचे लेखन येथे झाले. चालक मराठी भाषक होते, लेखन विषयवार लावलेले असे आणि जुना धागा काही वर्षांनीही सापडत असे. एका अर्थाने ही मासिकेही होती आणि ग्रंथालयेही.

मंचांचा उदय आणि विस्मरण

त्यानंतर ऑर्कुट, फेसबुक व व्हॉट्सअॅप यांसारख्या परदेशी कंपन्यांच्या मंचांकडे लेखक व वाचक वळले. 2016 नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटामुळे खेड्यापाड्यांतील तरुणही छायाचित्रे, गाणी आणि चित्रफिती प्रसिद्ध करू लागले. अभिव्यक्तीचे हे लोकशाहीकरण निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु येथे साहित्य कालानुक्रमे वाहत जाते. काही दिवसांपूर्वीची नोंद शोधणेही कठीण होते. शिवाय मंचाचे आयुष्य कंपनीच्या हिशोबावर अवलंबून असते. जिओसिटीज 2009 मध्ये, ऑर्कुट 2014 मध्ये आणि गुगल प्लस 2019 मध्ये बंद झाले.

मुद्रणयुगाशी तुलना केल्यास ही उणीव अधिक स्पष्ट होते. 1867 च्या कायद्याने छापील पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक केले. शंकर गणेश दाते यांनी परिश्रमपूर्वक 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध केली. 1954 च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयासह निवडक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती देण्याची तरतूद केली. आंतरजालावरील मराठीला अशी सूची लाभलेली नाही. 1996 मध्ये स्थापन झालेले 'इंटरनेट आर्काइव्ह' खुली पाने जतन करते. व्हॉट्सअॅपच्या गटांतील बंदिस्त साहित्य मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहते.

सुरगाण्याचा संदर्भ

1948 पर्यंत संस्थान असलेला सुरगाणा आज गुजरात सीमेवरील आदिवासीबहुल तालुका आहे. कोकणा समाजातील थाळगान ही येथील महत्त्वाची कथनपरंपरा आहे. काशाच्या थाळीवर मेणाने काडी बसवितात आणि तिच्यावरून बोटे ओढून निघणाऱ्या अखंड नादाच्या साथीने रात्ररात्र कथा सांगितली जाते. कणसरी या धान्यदेवतेची कथा याच परंपरेत टिकून राहिली. मुद्रणाचा टप्पा फारसा न अनुभवताच ही परंपरा थेट मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. तेथे कथेचा एखाद्या मिनिटाचा तुकडा दिसतो; कथेकऱ्याचे नाव, गाव, प्रसंग आणि उर्वरित कथा मात्र अनेकदा नोंदविली जात नाही. चित्रफीत सर्वत्र पसरली म्हणून परंपरा जतन झाली, असे मानणे त्यामुळे धोक्याचे आहे.

निष्कर्ष

तंत्रज्ञानाने सर्जनाची दारे उघडली. स्मृती टिकविण्याची जबाबदारी मात्र समाजाचीच आहे. या संदर्भात ग्रामीण महाविद्यालयांना महत्त्वाची भूमिका बजावता येईल. कथेकऱ्याच्या संमतीने संपूर्ण कथेचे ध्वनिमुद्रण करावे. सोबत दिनांक, स्थळ व बोली यांची नोंद ठेवावी. युनिकोडमध्ये लेखन करून एक प्रत ग्रंथालयात व एक त्या गावात ठेवावी. काय प्रसिद्ध करावे आणि काय करू नये, हे ठरविण्याचा अधिकार त्या समाजाकडेच असावा. हे काम कथेकरी हयात असतानाच होणे आवश्यक आहे. जुन्या फाँटमधील मजकूर परिश्रमाने युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो. न नोंदविलेली कथा मात्र कथेकऱ्यासोबतच जाते.