मानक फंक्शनांचे प्रतिस्थापन

प्रोग्रामिंग भाषेच्या मानक लायब्ररीतील फंक्शनाच्या जागी, त्याचेच नाव कायम ठेवून, स्वतः रचलेले फंक्शन योजण्याची पद्धती. सी भाषेच्या मानकाने ही नावे राखीव ठेवली असून, ती परस्पर नव्याने योजणाऱ्या प्रोग्रामच्या वर्तनाची हमी नाकारली आहे. तथापि जेथे प्रोग्रामचा विस्तार मोठा आणि कारभार अनेक हातांनी चालणारा, तेथे हजारो ठिकाणी दुरुस्ती करीत बसण्यापेक्षा एका हेडर फाइलीत बंदोबस्त करणे व्यवहारतः श्रेयस्कर ठरते. गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत विंडोजपुरते ‘ओपन’ हे नाव मॅक्रोद्वारे ‘मिंगडब्ल्यू_ओपन’ या फंक्शनाकडे वळविले जाते. सोय मोठी खरी. परंतु परिचित नावाआड निराळे वर्तन दडल्याने नवागत वाचकाची दिशाभूल होते, आणि हा दोष क्षुल्लक मानणे आम्हांस मान्य नाही. याहून प्रांजळ मार्ग मनाईचा. २०१८ साली गिटने ‘स्ट्रकॉपी’, ‘स्प्रिंटएफ’ इत्यादी, बफरची मर्यादा न तपासणाऱ्या फंक्शनांची नावे मॅक्रोंनी अडविली : कोणी ‘स्ट्रकॉपी’ लिहिताच त्याचे ‘सॉरी_स्ट्रकॉपी_इज_अ_बॅन्ड_फंक्शन’ असे, कोठेही अस्तित्वात नसलेले नाव बनते आणि कंपायलर, तेच नाव त्रुटिसंदेशात छापून, काम तेथेच तहकूब करतो.