तिसऱ्या भोकाची गोष्ट



आमचं रत्नागिरीचं घर जांभ्याचं. वीज आली तेव्हा लाकडी पट्टीवरून दोनच तारा फिरवल्या होत्या, असं सासूबाई सांगतात. तेव्हा घरात दिवे आणि एक पंखा, एवढंच. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं. अर्थिंगची भारतीय मानक संहिता, आयएस ३०४३, १९६६ साली आली आणि १९८७ मध्ये सुधारली गेली. आमच्याकडे मात्र फ्रिज, गिझर आले, तरी तारा त्याच राहिल्या.

ओल्या हाताने फ्रिज उघडला की सासूबाईंना मुंग्या यायच्या. “जुना झालाय,” म्हणून आम्ही सोडून दिलं. शेवटी वायरमनने बोर्ड उघडला. प्लगचं तिसरं, मोठं भोक होतं, पण त्याला तारच नव्हती!

मग अंगणात खड्डा खणून पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. पण जांभ्यात पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की गळणारी वीज तिच्यात नीट उतरत नाही, फ्यूजही उडत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात खड्ड्यात पाणी घालतो. शिवाय आरसीसीबी बसवला. ३० मिलिअँपिअर वीज गळली की तो क्षणात पुरवठा तोडतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबते.

पाणी गाळताना आपण डोळ्यांना न दिसणारे जीव जपतो. घरातल्या माणसांसाठीही तेवढीच यत्ना हवी. आजच तुमचा बोर्ड तपासून घ्या.