तारका, प्रश्नचिन्ह आणि वरोरा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या नावाने एकेक फाइल करावी आणि लिनक्सच्या टर्मिनलवर तीन प्रश्नचिन्हे देऊन शोधावे. फाइलचे नाव शोधताना तारका म्हणजे काहीही, कितीही. प्रश्नचिन्ह म्हणजे नेमके एक चिन्ह. तेव्हा तीन अक्षरी वरोरा, चिमूर, राजुरा, सावली यायला हवेत. येतो फक्त दोन अक्षरी मूल!

तारका-प्रश्नचिन्हांच्या या पद्धतीचे मूळ न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये आहे. तिथे घडलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली नियमपुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 ची. त्या काळी आज्ञा वाचणारा शेल, म्हणजे केन थॉम्पसनचा प्रोग्राम, अगदी छोटा ठेवलेला होता. आज्ञेत तारका दिसली की तो ते काम डेनिस रिची यांच्या ‘ग्लॉब’ नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवी. ग्लॉब डिरेक्टरी वाची, जुळणारी नावे भरी आणि मग मूळ आज्ञा चालवी. 1979 च्या सातव्या आवृत्तीत बॉर्न शेलने हे काम स्वतःकडे घेतले.

त्यामुळे फाइल पुसणाऱ्या प्रोग्रामला तारका सहसा दिसतच नाही, त्याच्या हाती तयार यादी पडते. जुळवणीचे नियम एकाच ठिकाणी राहिले, हे या रचनेचे मोठे यश.

डॉस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने उलटी वाट धरली. तिथे तारका जशीच्या तशी प्रोग्रामकडे जाते आणि ज्याने त्याने ती उलगडायची. म्हणून डॉसच्या ‘रेन’ या नाव बदलणाऱ्या आज्ञेला एका फटक्यात सगळ्या फायलींचे एक्स्टेन्शन बदलता येते; तेच काम करणाऱ्या युनिक्सच्या ‘एमव्ही’ला तेवढ्याने जमत नाही, कारण नव्या नावांचा साचा त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच शेल तो उलगडायला बघतो.

आता वरोऱ्याचा हिशेब. युनिकोड या लिपिचिन्हांच्या मानकात काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे. व, र, ओकार, र, काना अशी वरोऱ्याची पाच होतात, मूलची तीन. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत यातले प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, म्हणून बाइट मोजणाऱ्या शेलला वरोऱ्यासाठी पंधरा प्रश्नचिन्हे लागतात. यूटीएफ-8 सुद्धा थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनीच 1992 मध्ये रचले.

अक्षरगट, म्हणजे काना-मात्रेसकट एक अक्षर, ओळखण्याचे नियम युनिकोडने लिहून ठेवले आहेत आणि रेग्युलर एक्स्प्रेशनची काही इंजिने ते पाळतात. लिनक्सवरच्या बॅश या शेलचे प्रश्नचिन्ह मात्र आजही सुटे चिन्हच मोजते. मराठी नावे त्यांच्या अक्षरांनी मोजली जावीत, ही मागणी अवाजवी नाही. तोवर वरोऱ्याची फाइल हवी असेल, तर ‘वरो*’ लिहावे.