गतिमान दूरचित्रवाणी-ग्रहण : यूरोप आणि जपान

भूतलावरील अंकीय दूरचित्रवाणीची डीव्हीबी-टी ही यूरोपीय पद्धती १९९७ साली सिद्ध झाली. तिच्या आखणीत मुख्य विचार होता तो छपरावरील स्थिर आकाशकाचा. धावत्या वाहनात मात्र संकेत इमारतींवरून परावर्तित होऊन अनेक वाटांनी येतात, क्षणोक्षणी क्षीण होतात, आणि वेगामुळे त्यांची कंप्रताही ढळते. म्हणून २००४ साली हातयंत्रांसाठी डीव्हीबी-एच हे निराळे मानक निघाले. परंतु त्यासाठी बहुधा स्वतंत्र प्रक्षेपणजाळे उभारावे लागे. इटली व फिनलंड येथील या सेवा काही वर्षांतच बंद पडल्या.

जपानमध्ये १ डिसेंबर २००३ रोजी सुरू झालेल्या आयएसडीबी-टी पद्धतीत हा विचार आरंभीच झाला होता. प्रत्येक वाहिनीच्या पट्ट्याचे १३ खंड पाडलेले होते. त्यांपैकी १२ घरातील ठसठशीत चित्रासाठी, तर मधला एक, माहिती थोडी परंतु बळकटपणे वाहणारा, हातयंत्रासाठी. माहितीचे तुकडे काळात विखुरलेले असल्याने क्षणिक लोप भरून निघे. १ एप्रिल २००६ रोजी सुरू झालेल्या या सेवेचे ‘वन-सेग’ हे नावही त्या एका खंडावरूनच पडले. पुढे आंतरजालामुळे तिचे महत्त्व ओसरले. तथापि स्थिर आणि गतिमान असे दोन्ही प्रेक्षक एकाच प्रक्षेपकाने सांभाळता येतात, हे तिने सिद्ध केले.