हिऱ्यांचे रंग

हिरा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पाण्यासारखा स्वच्छ खडा उभा राहतो. जव्हेरीदेखील हिऱ्याचें 'पाणी' पाहतो. रंग पाहावयाचा तो माणकाचा आणि पाचूचा. आपल्या पूर्वजांची समजूत मात्र इतकी एकरंगी नव्हती. सहाव्या शतकांतल्या वराहमिहिरानें 'बृहत्संहितें'त हिऱ्यांना स्वतंत्र अध्याय दिला आहे. पांढरा हिरा ब्राह्मणांना, तांबडा व पिवळा क्षत्रियांना, शिरीषपुष्पाच्या छटेचा वैश्यांना, आणि तरवारीसारखा काळसर शूद्रांना, अशी त्यांत वांटणी आहे. दगडांतही चातुर्वर्ण्य शोधणारी ही दृष्टि आज कोणी मान्य करणार नाहीं. पण त्याच अध्यायांत कोणत्या प्रदेशाचा हिरा कोणत्या छटेचा हेंही सांगितलें आहे, आणि तें अधिक मोलाचें. कलिंगांतला पिवळसर, सौराष्ट्रांतला तांबूस, वेणातीरावरचा निर्मळ! ही वेणा म्हणजे आपली वैनगंगा, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. गडचिरोली जिल्ह्यांतलें वैरागड त्याला पुष्टि देतें. या नांवाचा वैराशीं संबंध नाहीं. मूळ शब्द 'वज्राकर', म्हणजे हिऱ्यांची खाण. अकबराच्या दरबारीं लिहिल्या गेलेल्या 'ऐन-इ-अकबरी'तही तिचा उल्लेख सांपडतो.

पुढें गोवळकोंड्याची कीर्ति झाली. ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्यानें इकडून नेलेला एक निळा हिरा १६६८ सालीं चौदाव्या लुईला विकला. राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९२ सालीं, तो चोरीस गेला. त्याचाच पुन्हा कापलेला, साडेपंचेचाळीस कॅरटांचा अवशेष 'होप' या नांवानें १९५८ पासून वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत आहे. फिकट गुलाबी 'दर्या-इ-नूर' तेहरानला आहे. आपल्या मातींतले रंगीत हिरे पाहावयाचे तर असा परदेशप्रवास करावा लागतो.

हा रंग येतो कोठून? हिरा म्हणजे कार्बन, कोळशाचा सख्खा भाऊ. तो सर्वथा शुद्ध आणि निर्दोष असेल, तर त्याला रंगच नसतो. रंग हें कांहीं तरी बिघडल्याचें चिन्ह! कार्बनच्या परमाणूंच्या रांगेंत नायट्रोजनचे परमाणु शिरले कीं ते निळा प्रकाश शोषून घेतात आणि खडा पिवळा दिसतो. बोरॉन शिरला कीं निळा. आणि तोही किती थोडा, तर 'होप'मध्यें दहा लक्ष परमाणूंत एकही पुरा भरत नाहीं. असे निळे हिरे भूगर्भांत फार खोल घडतात, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसतें. नायट्रोजनचा हिऱ्यांतला वास १९५९ सालीं सिद्ध झाला, म्हणजे वराहमिहिरानंतर सुमारें चौदाशें वर्षांनीं.

गुलाबी आणि तपकिरी हिऱ्यांची कथा निराळी. तेथें बहुधा कोणी पाहुणा शिरलेला नसतो. भूगर्भांतल्या प्रचंड दाबानें स्फटिकाचें अंगच पिळवटलेलें असतें. दोघांचें दुखणें एकच, नशीब मात्र भिन्न. याचा मुंबईशीं निकटचा संबंध आहे. १९८० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांतली अर्गाइल खाण सुरू झाली, तेव्हां तिचा बहुतेक माल तपकिरी आणि बारीक निघाला. युरोपांतल्या कारागिरांना त्याची मजुरी परवडेना. तो माल इकडे आला. सुरतेंत आणि मुंबईच्या उपनगरांतल्या लहानमोठ्या कारखान्यांत त्याला पैलू पडले. ज्याला पूर्वीं यंत्रांच्या धारेलाच लावीत, त्या तपकिरी खड्याला 'शँपेन' आणि 'कोन्याक' अशीं मद्याचीं नांवें देऊन अमेरिकेंत दागिन्यांत बसविण्यांत आलें. नांवाचा महिमा असा! निवडक गुलाबी खडे मात्र खाणीच्या मालकांनीं पर्थला ठेवून घेतले व निविदा मागवून विकले. नोव्हेंबर २०२० मध्यें ती खाण बंद झाली. कित्येक घरांची चूल त्या पिळवटलेल्या दगडांवर पेटली, हें अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच आढळेल.

राहिला हिरवा. आसपासच्या खडकांतल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचा मारा लक्षावधि वर्षें सोसून हा रंग येतो, आणि पुष्कळदां तो सालीपुरताच असतो; कारागिरानें चार पैलू अधिक पाडले कीं गेला! सर विल्यम क्रुक्स यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच रेडियमच्या क्षारांत हिरे ठेवून ते हिरवे करून दाखविले. तेव्हांपासून निसर्गाचा हिरवा कोणता आणि माणसाचा कोणता, हा प्रश्न जव्हेऱ्यांच्या मानगुटीस बसला आहे. २०१० सालीं वांद्रे-कुर्ला संकुलांत हिरेबाजार उघडला, अंधेरीच्या सीप्झमध्यें दागिन्यांचे निर्यात-कारखाने आहेत. तेथें रंगीत खड्याची किंमत आज डोळ्यांवर ठरत नाहीं. तो प्रयोगशाळेंत जातो, त्यांतून निघालेल्या प्रकाशाचा वर्णपट मोजला जातो. आणि हिरव्याच्या बाबतींत तेथील तज्ज्ञदेखील कधीं कधीं 'रंगाचें मूळ अनिश्चित' एवढेंच लिहून खडा परत करतात.