क्रीडास्पर्धांवरील राजकीय बहिष्कार
राजकीय निषेधार्थ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भाग न घेण्याची कृती. निर्णय शासन वा क्रीडासंघटना घेतात. त्याची झळ मात्र प्रामुख्याने खेळाडूंना बसते. नाझी राजवटीच्या ज्यूविरोधी धोरणामुळे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्कार घालण्याची चळवळ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली. ती असफल ठरली, तरी काही ज्यू खेळाडू स्वेच्छेने दूर राहिले. त्याच प्रसंगी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे कबड्डी व अन्य देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली व वऱ्हाडातील आखाड्यास जागतिक व्यासपीठ लाभले. वर्णविद्वेषाच्या निषेधार्थ भारताने १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा डेव्हिस चषकाचा अंतिम सामना सोडला. भूमिका न्याय्य होती. परंतु विजय व आनंद अमृतराज या बंधूंची संधी हुकली व भारतास तो चषक अद्याप लाभलेला नाही. मॉस्को येथे १९८० मध्ये भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळविले. तथापि पाकिस्तान, पश्चिम जर्मनी इत्यादींचे संघ अनुपस्थित असल्याने त्या यशाचे मोल वादग्रस्त ठरले. १९८६ च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धांवर भारतासह ३२ देशांनी बहिष्कार घातला. दक्षिण आफ्रिका १९९२ मध्ये ऑलिंपिकमध्ये परतली. खेळाडूंची वाया गेलेली उमेदीची वर्षे मात्र परतली नाहीत.