औषधनिर्माता, रुग्णसेवी : नांदेड व लातूर जिल्हे
वैद्याने लिहून दिलेले औषध रुग्णाच्या हाती ठेवण्यापुरते आपले काम मर्यादित न मानता, ते औषध त्या रुग्णास मानवेल किंवा नाही, मात्रा योग्य आहे किंवा नाही, अन्य औषधांशी त्याचा विरोध होतो काय आणि घरी गेल्यावर ते नियमाने घेतले जाते काय, यांकडे लक्ष पुरविणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस रुग्णसेवी औषधनिर्माता म्हणतात. व्यवहारात ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हीच संज्ञा रूढ आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णास परिचारिका वेळच्या वेळी औषध देते. बाह्यरुग्ण मात्र औषधे घेऊन घरी परततो आणि पुढील उपचार त्याच्या व त्याच्या कुटुंबीयांच्या हाती राहतो. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत मोठी रुग्णालये शहरांत आणि बहुसंख्य रुग्ण खेड्यांत अशी स्थिती असल्याने या कामाची गरज विशेष जाणवते. या दोन जिल्ह्यांपुरता त्याचा इतिहास पाहिल्यास असे दिसते, की कायद्याने प्रथम औषधाच्या शुद्धतेची, नंतर ते देणाऱ्याच्या पात्रतेची आणि अगदी अलीकडे रुग्णाला समजावून सांगण्याची जबाबदारी ठरविली. रुग्णाच्या घरापर्यंत मात्र ही साखळी काही थोड्या रोगांच्या बाबतीतच पोहोचली.

पूर्वपीठिका : १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा जिल्हा होता. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता, तर उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत. स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. वैद्य व हकीम स्वतःच औषध तयार करून देत आणि काष्ठौषधी अत्ताराच्या दुकानी मिळत. पाश्चात्त्य वैद्यकाच्या दवाखान्यांबरोबर कंपाउंडर आला. डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे मिश्रण तयार करणे, चूर्णाच्या पुड्या बांधणे व मलम घोटणे ही त्याची कामे होती. रुग्ण घरूनच रिकामी बाटली आणी आणि कंपाउंडर तीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक मात्रा. निरक्षर रुग्णालाही कळेल अशी ही सूचना होती. पुढे कारखान्यात तयार झालेल्या गोळ्या व कॅप्सुले प्रचारात आल्यावर मिश्रणे मागे पडली आणि त्यांबरोबर ती पट्टीही गेली. नव्या वेष्टनांवरील मजकूर प्रायः इंग्रजीत असल्यामुळे रुग्णाला मिळणारी सूचना तोंडी बोलण्यावर अवलंबून राहू लागली.

कायदा व शिक्षण : औषधांतील भेसळीच्या तक्रारींवरून नेमलेल्या चोप्रा समितीच्या (१९३०–३१) शिफारशींनंतर १९४० मध्ये औषधांविषयीचा अधिनियम व १९४५ मध्ये त्याखालील नियम झाले. फार्मसी अधिनियम १९४८ मध्ये संमत होऊन औषध देणाऱ्याची नोंदणी व त्याचे शिक्षण यांवर नियंत्रण आले. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर हे कायदे टप्प्याटप्प्याने या भागातही लागू झाले. कंपाउंडरची जागा पदविकाधारक औषधनिर्मात्याने घेतली आणि शासकीय सेवेत त्यास ‘औषधनिर्माण अधिकारी’ असे पदनाम मिळाले.

लातुरात १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय सुरू झाले. नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवी व पदविका संस्था नांदेड, लातूर व निलंगा येथे निघाल्या. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही या विषयाचे संकुल आहे. तथापि या शिक्षणाचा भर दीर्घकाळ औषधाच्या निर्मितीवर व विश्लेषणावर राहिला. रुग्णाशी संबंध थोडाच येई. अमेरिकेत १९६० च्या दशकात औषधनिर्माता रुग्णकक्षात जाऊ लागला आणि १९९० मध्ये हेप्लर व स्ट्रँड यांनी औषधोपचाराच्या परिणामाची जबाबदारी औषधनिर्मात्यावरही असल्याचा विचार मांडला. भारतात १९९० च्या दशकात म्हैसूर व उटकमंड येथे या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. २००८ च्या विनियमांनी सहा वर्षांचा ‘फार्म. डी.’ हा अभ्यासक्रम आणला. त्यातील शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते.

फार्मसी व्यवसाय विनियम, २०१५ यांनुसार औषधाचे नाव, मात्रा, घेण्याची रीत व कालावधी, संभाव्य दुष्परिणाम, साठवण आणि एखादी मात्रा चुकल्यास काय करावे, या गोष्टी रुग्णास समजावून देणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरले. त्यापूर्वी १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व सवय लावणारी औषधे यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले होते.

घरी उपचाराची कल्पना : दीर्घ मुदतीचा औषधोपचार घरी होऊ शकतो, हे भारतात प्रथम क्षयरोगाच्या बाबतीत सिद्ध झाले. मद्रास येथील केंद्राने आरोग्यधामातील व घरी राहून उपचार घेणारे रुग्ण यांची तुलना करून १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही गटांना एक वर्ष तीच औषधे दिली होती व परिणाम जवळजवळ सारखे आले. मात्र घरच्या रुग्णांच्या लघवीची तपासणी करून व त्यांच्या घरी अचानक भेटी देऊन औषध घेतले जाते की नाही, याची खात्री केली जात असे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने (१९६२) घरच्या उपचाराचे तत्त्व स्वीकारले, परंतु देखरेखीची बाजू दुबळी राहिली. १९९७ पासूनच्या सुधारित कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाच्या नावाने औषधांची स्वतंत्र पेटी ठेवून डोळ्यांदेखत मात्रा देण्याची पद्धत आली. २०१७ पासून वजनानुसार रोजच्या संयुक्त गोळ्या देण्यात येऊ लागल्या.

एचआयव्हीवरील मोफत औषधोपचार शासनाने १ एप्रिल २००४ पासून सुरू केला. त्याच्या केंद्रांत डॉक्टर व समुपदेशक यांच्या जोडीला औषधनिर्मात्याचे पद आहे. रुग्णाने उरलेल्या गोळ्या परत आणावयाच्या व औषधनिर्मात्याने त्या मोजावयाच्या, अशी पद्धत आहे. उदा., रोज एक याप्रमाणे ३० गोळ्या दिलेला रुग्ण २८ दिवसांनी आला, तर २ गोळ्या उरावयास हव्यात. ५ उरल्यास ३ मात्रा चुकल्या, म्हणजे नियमितता सु. ८९ टक्के झाली. अपेक्षा किमान ९५ टक्क्यांची असते. मोजणीतील या तीन गोळ्यांवरून पुढील चौकशी सुरू होते. बाह्यरुग्ण विभागातील रुग्णसेवी औषधनिर्मात्याच्या कामाचा या भागात आढळणारा सर्वांत जवळचा नमुना हाच होय.

कामाचे स्वरूप : रुग्ण अनेकदा दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या व खेड्यातून घेतलेली सुटी औषधे एकाच पिशवीत बाळगतो. ती सर्व पाहून एकच औषध दोन नावांनी घेतले जात नाही ना, हे तपासणे ही पहिली पायरी. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. हे आधी न सांगितल्यास रुग्ण भिऊन औषध सोडतो. याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो आणि एचआयव्हीवरील डोल्युटेग्राव्हिर त्याबरोबर दिवसातून दोनदा द्यावे लागते. सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे एकाएकी थांबविणे धोक्याचे असते.

स्थानिक परिस्थितीही विचारात घ्यावी लागते. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असल्याने शीतकपाट नसलेल्या घरी थोडाच साठा देणे व चालू कुपी ओल्या मातीच्या भांड्यात पाणी न लागेल अशी ठेवण्यास सांगणे हाच उपाय असतो. लहान मुलांच्या प्रतिजैविकांची कोरडी भुकटी उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत कालवावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा टंचाईत ही साधी सूचनाही पाळणे कठीण होते व ती भुकटी दुकानातच मोजून कालवून देणे हितावह ठरते. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणारी कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. क्षय, मधुमेह वा अपस्माराच्या रुग्णास त्या काळासाठी पुरेसे औषध व मुक्कामाच्या ठिकाणच्या केंद्रासाठी पत्र देणे आवश्यक असते. भाषेचा प्रश्नही आहे. मराठीबरोबर दखनी उर्दू व गोरमाटी, देगलूर-बिलोली भागात तेलुगू आणि उदगीर-निलंगा भागात कन्नड बोलली जाते. सूचना ऐकल्यावर रुग्णाकडून ती त्याच्या शब्दांत पुन्हा वदवून घेणे, ही समजुतीची खरी कसोटी होय.

कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेत घरी वेदनाशामक देण्यासाठी मॉर्फीन लागते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुलभ झाले. त्याचा हिशेब ठेवणे, त्याबरोबर रेचक देण्याची आठवण करणे व रुग्णाच्या निधनानंतर उरलेल्या गोळ्या परत घेणे ही कामे स्वाभाविकपणे औषधनिर्मात्याकडे येतात.

सद्यःस्थिती : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यातून वगळलेली होती. त्याच वर्षी ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर या काळात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत १२ नवजात अर्भकांसह २४ रुग्ण दगावले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शासकीय रुग्णालयांतील मनुष्यबळ, खाटा व औषधे यांच्या तुटवड्याचा प्रश्न ऐरणीवर आला. औषध उपलब्ध असणे ही रुग्णसेवी औषधनिर्मात्याच्या कामाची पहिली अट आहे. ती पूर्ण न झाल्यास समुपदेशन निरर्थक ठरते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधनिर्माण अधिकारी साठा, वाटप व नोंदी यांत गुंतलेला असतो आणि खाजगी दुकानात वेळ विक्रीस जातो. घरभेटी देणारी आशा कार्यकर्ती २००५ नंतर गावोगाव आली, पण औषधांतील परस्परविरोध ओळखणे तिच्या शिक्षणाच्या कक्षेबाहेर आहे. क्षय व एचआयव्ही या कार्यक्रमांनी नाववार पेटी, मोजणी व पुन्हा येण्याची तारीख ही साधी साधने घालून दिली आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब व अपस्मार यांच्या कितीतरी अधिक रुग्णांना ती लागू करणे आणि आशा कार्यकर्तीने आणलेली माहिती ज्याच्याकडे जावी असा रुग्णसेवी औषधनिर्माता तालुक्याच्या रुग्णालयात नेमणे, हे या दोन जिल्ह्यांतील पुढचे काम आहे.